गुरुवारची लीग

माझ्या आईला मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं ते मैदानावर. तोवर मला वाटायचं, तिला तसला आवाजच नाही. सौदी अरेबियातल्या जुबैलच्या सरकारी हॉस्पिटलात ती सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स होती, बाबा तिथेच एक्स-रे टेक्निशियन, आणि दोघांपैकी एकाची तरी नाइट ड्यूटी लागलेली असायचीच. त्यामुळे आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सगळं हळू चालायचं. कुकरची शिट्टी नको म्हणून आई वरण पातेल्यात शिजवायची. दारं आपटू नयेत म्हणून बाबांनी चौकटींना जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. खिडकीतल्या एसीची घरघर तेवढी दिवसभर चालायची, आणि त्याखाली, कान दिला तर, लांबच्या कंपन्यांचा एक सलग हुंकार. सकाळी बाबा कोपऱ्यावरच्या भट्टीतून खुब्ज आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या परातीएवढ्या रोट्या. आई त्याच्याबरोबर झुणका करायची. ज्वारीचं पीठ सुटीवरून येताना बॅगेत भरून आणलेलं असायचं, ते ती फक्त शुक्रवारी काढायची. गरम भाकरीचा वास आला की दुबार झोपलेले बाबा उठून बसायचे आणि काही न बोलता ताट पुढे करायचे.

आई अचलपूरकडची. तिचं बोलणं वऱ्हाडी होतं, आणि आमच्या शाळेतल्या पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी ती मोठी करमणूक होती. एकदा शाळेच्या फाटकाशी तिनं मला विचारलं, "डब्बा काहून नाही खाल्ला वं?" आणि पुढचा महिनाभर वर्गात कुणीही कुणाला काहीही विचारायचं झालं तर 'काहून'नंच सुरुवात व्हायची. मी हसायचे. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त हसायचे. घरी आल्यावर आईशी इंग्रजीत बोलायचे, आणि ती वऱ्हाडीत उत्तर द्यायची.

तिच्याकडे एक गोष्ट अशी होती, जी त्या पुण्याच्या बायकांकडे नव्हती. कॉलेजात असताना ती सॉफ्टबॉल खेळायची. बेसबॉलचीच बहीण ती. चेंडू थोडा मोठा आणि फेकायचा खालून, हात गरकन पूर्ण फिरवून. आमच्या विदर्भात हा खेळ शाळाशाळांतून रुजला होता. आई कॅचर होती. फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवी बसून चेंडू झेलणारी, सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसलेली एकटीच. तिची उजवी करंगळी वाकडी होती ती त्यातूनच. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत मला वाटत होतं, करंगळी हॉस्पिटलच्या दारात सापडली असेल.

डोना नावाच्या अमेरिकन बाईमुळे लीग सुरू झाली. तिचा नवरा एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि ते राहायचे त्या कंपाउंडमध्ये पोहण्याच्या तलावामागे एक मोकळी जागा होती, चारी बाजूंनी उंच भिंत असलेली. बाहेरून आत कुणाला दिसायचं नाही, म्हणून बायकांना तिथं पँट घालून पळता यायचं. डोनानं सुटीवरून येताना बॅटी आणि ग्लोव्हजची पेटी आणली. आधी गोऱ्या बायकाच आपसांत खेळायच्या. मग त्यांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा कंपाउंडमधल्या भारतीय इंजिनियरांच्या बायकांना बोलावणं गेलं, आणि पुढे कुणीतरी हॉस्पिटलच्या सिस्टर्सचं नाव काढलं. दुसऱ्या हिवाळ्यात चार टीम झाल्या. दहरानहून एक टीम बसनं यायची. तिसऱ्या हिवाळ्यात तर थेट अल खर्जच्या डेअरीवरच्या मॅनेजरांच्या बायका आल्या. येताना लबनच्या, म्हणजे तिकडच्या ताकाच्या, बाटल्यांचे क्रेट घेऊन आल्या, आणि सामना संपल्यावर दोन्ही टीमच्या घामेजल्या बायका भिंतीच्या सावलीत बसून बाटल्याच तोंडाला लावत होत्या. डोनाच्या स्वयंपाकघरात गुणतक्ता लावलेला होता. त्यात सगळ्यात वर, दोन वर्षं, 'सिस्टर्स' हे नाव होतं.

सिस्टर्सची टीम म्हणजे आई आणि नेनिता, बाकीच्या भरती. नेनिता फिलिपिन्सची, बालरोग वॉर्डात काम करायची. बुटकी, गोल चेहऱ्याची, सारखी काहीतरी चघळणारी. ती पिचर होती. तिचा हात फिरताना दिसायचाच नाही, चेंडू आईच्या ग्लोव्हवर बसल्याचा फटका तेवढा ऐकू यायचा. आई मागून ओरडायची, "आन दे! आनखी दे!" आणि मराठीचा एक शब्दही न येणारी नेनिता बरोबर तसाच चेंडू द्यायची. मीही त्यांच्यातच खेळायला लागले. आईनं मला क्वार्टरमागच्या भिंतीवर चेंडू मारून शिकवलं होतं, आणि मी वेगानं पळायचे.

आता यातली खरी अडचण सांगितली पाहिजे. आम्ही फॅमिली क्वार्टरमध्ये राहायचो, आम्हाला बाबा गाडीनं सोडायचे. पण एकट्या नर्सेस हॉस्टेलवर राहायच्या, आणि हॉस्टेलला फाटक होतं, फाटकावर मेट्रनचं रजिस्टर होतं. गुरुवारी दुपारी एक बस त्यांना बाजारात नेऊन आणायची. बाजार सोडून दुसरीकडे कुठं जायची परवानगी नव्हती, आणि मागून मिळणारी नव्हतीच. तेव्हा आईनं युक्ती काढली. रजिस्टरात 'बाजार' असंच लिहायचं, ड्रायव्हरनं कंपाउंडच्या फाटकाशी सोडायचं आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानच्या आधी परत घ्यायचं. म्हाताऱ्या सुदानी ड्रायव्हरला आईनंच पटवलं होतं. त्याच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं बरीच धावपळ केली होती. रजिस्टरात सही मात्र नेनिताची असायची, कारण हॉस्टेलवाल्यांमध्ये ती सीनियर होती. "हे तोंडात ठेवजो, नंदे," आईनं मला सांगितलं होतं. "बाहेर गेलं तं पोट्ट्याइचं वाटोळं होईन."

मी टीम सोडली ती देवस्थळी काकूंच्या बोलावण्यावरून. काकू म्हणजे इंजिनियरांच्या बायकांच्या टीमच्या कॅप्टन, पुण्याच्या, गोऱ्यापान, खेळतानाही कानात मोती घालणाऱ्या. त्यांची मुलगी रेवा माझ्या वर्गात होती. वर्गातल्या त्या 'काहून'च्या खेळात ती पुढे असायची. काकू एकदा सामना संपल्यावर म्हणाल्या, "अगं, तू इतकी छान पळतेस, आणि त्या सिस्टर्सच्यात काय करतेस? आमच्याकडे ये की." आमच्याकडे म्हणजे तलाव, गालिचा असलेली बैठक, ओव्हनमध्ये भाजलेला केक, आणि रेवाच्या पलंगावर लोळून ऐकायच्या कॅसेट. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "जाय ना," ती म्हणाली. "पण तिथून खेळशीन तं तिथलीच होऊन खेळजो. मंग मी तुही माय नाही."

मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

फायनलच्या दोन आठवडे आधी लीगमधला आमचा सिस्टर्सशी शेवटचा सामना झाला. हवा थंड होती, समुद्राकडून वारा येत होता, आणि मैदानावर पाणी मारून रोलर फिरवल्यामुळे माती काचेसारखी कडक झाली होती. शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं मागे होतो. मी तिसऱ्या बेसवर होते. रेवानं चेंडू डावीकडे टोलवला आणि मी होमकडे, म्हणजे जिथं पोचलं की धाव होते त्या जागी, सुटले. होमवर आई होती. चेहऱ्यावर जाळी, गुडघे वाकवलेले, ग्लोव्ह माझ्याकडे. चेंडू माझ्या पाठीमागून येतोय हे मला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. तिनं जरा बाजूला व्हायला हवं होतं असं मी पुढे कित्येक वर्षं म्हणत आले. नियम मात्र तिच्या बाजूनं होता: होमला पोचण्याआधी चेंडूचा स्पर्श झाला की पळणारी आउट. मी घसरत गेले, तिनं चेंडू झेलला आणि चेंडूसकट ग्लोव्ह सरळ माझ्या तोंडावर आणला. पुढचा एक दात अर्धा तुटला. खालचा ओठ फाटला. मी मातीत पडले होते, तोंडात रक्त आणि वाळू, आणि माझ्यावर उभी राहून ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आउट!"

मग तिनं ग्लोव्ह काढला, माझा ओठ बोटांनी उघडून वॉर्डातल्या रुग्णासारखा पाहिला, म्हणाली, "टाके नाही लागत. बर्फ लाव," आणि आपल्या टीमकडे गेली. नेनिता तेवढी धावत आली होती. तिनं आपल्या शर्टाच्या बाहीनं माझी हनुवटी पुसली. आज माझा तो दात खोटा आहे. दाताच्या डॉक्टरला कधी सांगितलं, आईनं तोडला, तर त्याला वाटतं मी लहानपणी खूप मार खाल्ला असेल. तिनं मला हात कधीच लावला नाही. त्या एका वेळेखेरीज.

मला काकू आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्या बाथरूममध्ये गुलाबी फरशी होती आणि तिथे मला कमोडच्या झाकणावर बसवून त्या रुमालात बांधलेला बर्फ माझ्या ओठाला लावत होत्या. रेवा दारात उभी होती. काकूंच्या हाताला क्रीमचा वास येत होता. "स्वतःच्या मुलीला असं कुणी करतं का गं," त्या म्हणत होत्या. "कमालच आहे बाई या लोकांची." आणि मग, अगदी सहज, बर्फाची बाजू बदलता बदलता त्यांनी विचारलं, "एवढ्या सगळ्या जणींना त्यांची मेट्रन सोडते तरी कशी? आमच्या ह्यांच्या ऑफिसातले तर म्हणतात, हॉस्टेल म्हणजे जेलच आहे."

मी 'माहीत नाही' म्हणू शकले असते. काकूंनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नव्हतं. माझा ओठ सुजला होता, बोलणं अवघड होतं, आणि तरीही मी एकेक शब्द नीट लावून सांगितलं. रजिस्टर, बाजार, ड्रायव्हर, अजानच्या आधीची वेळ. दुखत होतं म्हणून बोलले असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. काकूंचा हात थांबला होता आणि त्या माझ्याकडे लक्ष देऊन बघत होत्या, आणि मला ते फार आवडत होतं.

"असं का," काकू म्हणाल्या आणि बर्फ पुन्हा लावला.

फायनलही आमची सिस्टर्सशीच होती, आणि त्या दिवशी अल खर्जच्या बायका पुन्हा आल्या होत्या. भिंतीला रंगीत कागदांच्या पताका लावल्या होत्या, एका टेबलावर कप, दुसऱ्यावर समोसे. बाबांनी आईला आणि मला एकत्रच सोडलं. आई आत गेली, पायांना पॅड बांधले, जाळी डोक्यावर चढवली आणि होमपाशी जाऊन उभी राहिली. चार वाजले. बस आली नाही. सव्वाचार झाले. डोना फाटकापर्यंत जाऊन आली. आई जाळी वर करून फाटकाकडे बघत उभी होती, आणि आम्ही तेरा जणी पलीकडे बाकावर बसून तिच्याकडे बघत होतो. आम्हाला कळलं होतं, निदान आमच्यातल्या तिघींना. साडेचारला डोनानं हात पसरले, खलास, म्हणाली, आणि कप काकूंच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग काकू आईपाशी गेल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "अहो सिस्टर, एकट्या उभ्या राहून काय करणार? बसा, समोसे घ्या."

आईनं पॅड सोडले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. मी समोसा खाल्ला नाही, ओठाला तिखट लागलं असतं.

बस हॉस्टेलच्या फाटकावरच अडवली होती. मेट्रनला फोन आला होता, कुणा भल्या बाईचा, नाव न सांगता. चौकशी तीन दिवस चालली. ड्रायव्हरला दुसऱ्या कामावर पाठवलं. मुलींची गुरुवारची बस बंद झाली, आणि ती पुढे दोन वर्षं बंदच राहिली. बाजारातून काही हवं असेल तर यादी लिहून द्यायची. आईवर काय येणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा त्या तीन दिवसांत जेवले नाहीत. दोघांचे इकामे, म्हणजे तिथं राहायचे परवाने, माझी शाळा, सगळं एका सहीवर लटकलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "सुटलो," ते म्हणाले. "त्या नेनितानं सगळं आपल्यावर घेतलं. बेत तिचा, ड्रायव्हरला तिनंच सांगितलं. तुझ्या आईला वाटत होतं त्यांना परवानगी आहे. देवमाणूस आहे बघ ती पोरगी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नेनिताला फायनल एक्झिट दिली होती. पाच दिवसांत देश सोडायचा.

ती जायच्या आदल्या दिवशी आई मला हॉस्टेलवर घेऊन गेली. "चाल," एवढंच म्हणाली. मी पोटात दुखतंय म्हणाले. "चाल म्हटलं ना." नेनिताच्या खोलीत जमिनीवर दोन मोठी खोकी होती आणि पलंगावर तिचा सगळा संसार पसरला होता: टॉवेल, दुधाच्या पावडरीचे डबे, लहान मुलाचे बूट, तिच्या आईसाठी घेतलेली शाल. मुलगा चार वर्षांचा होता. तो सहा महिन्यांचा असताना ती त्याला सोडून आली होती. गावी बांधत असलेल्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, छत बाकी होतं, त्या घराचा फोटो तिनं आम्हाला आधी कितीदा दाखवलेला होता. मला बघून ती पुढे आली आणि माझा ओठ उचलून दात पाहिला. "अजून दुखतो?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी मान हलवली. आम्ही तिघींनी सामान भरलं. शेवटी दोरी बांधायची वेळ आली तेव्हा ती खोक्यावर बसली आणि आईला म्हणाली, "सिस्टर, मी रोज विचार करते. आपल्यातलं कोणी सांगणार नाही. मग कोण?"

"देवाले ठाऊक," आई आधी मराठीत म्हणाली, मग इंग्रजीत. आणि माझ्याकडे वळून, "दोरी घट्ट बांध, नंदे. लांब जायचं हाये तिले."

मी बांधली. दोन्ही खोकी मीच बांधली. नायलॉनच्या दोरीनं हाताला वळ उठले, आणि प्रत्येक गाठ आई स्वतः ओढून बघत होती. एक सैल निघाली ती तिनं मला सोडायला आणि पुन्हा बांधायला लावली. निघताना नेनितानं मला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून मला आईचा चेहरा दिसत होता. तिथं रागाचा मागमूस नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

लीगचं पुढे काय झालं, ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं आहे. सिस्टर्स नाहीत म्हटल्यावर खेळायला कुणी उरलं नाही, दहरानच्या बायका दोनदा येऊन यायच्या थांबल्या, डोनाच्या नवऱ्याची बदली झाली, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या जागेवर गाड्या लावायला पत्र्याच्या शेड आल्या. कप काकूंच्या बैठकीत टीव्हीवर होता. मी तो एकदाच नीट पाहिला. नेनिता गेल्यानंतरच्या आठवड्यात रेवाकडे गेले, तर काकूंनी दार अर्धंच उघडलं. "रेवा अभ्यास करतेय," त्या म्हणाल्या. मग, आवाजही न चढवता, "आणि हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. पण आपल्या घरातलं बाहेर सांगणारी मुलगी उद्या आमच्याही घरातलं सांगेल. मी रेवाला म्हटलंय, जरा जपून." मागे टीव्ही चालू होता, त्यावर तो कप. मी "हो काकू" म्हणाले. बाबा गाडी घेऊन दीड तासानं येणार होते, आणि मी तेवढा वेळ कंपाउंडच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहिले.

माझ्या भाचीची मुलगी हल्ली रियाधला असते. मागच्या महिन्यात तिनं फोनवर व्हिडिओ पाठवला: मोठ्या स्टेडियममध्ये मुली फुटबॉल खेळतायत, दिव्यांचा झगझगाट, वर बायका झेंडे हलवतायत. 'आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का?' असं खाली लिहिलं होतं. मी 'नव्हतं' असं उत्तर पाठवलं. मी ही भिंतीआडची लीग आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही.

दहावीनंतर तिकडे पुढचे वर्ग नव्हते, म्हणून मला मामाकडे अमरावतीला पाठवायचं ठरलं. जायच्या आधीचा शुक्रवार होता. दुपारी आई भाकरी थापत होती आणि मी ओट्याशी मेथी निवडत होते. बाबा आत घोरत होते. गेलं वर्षभर आम्ही दोघी एका घरात राहून जेवढ्यास तेवढंच बोललो होतो. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. मी म्हणाले, "आई, देवस्थळी काकूंना मी सांगितलं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. परातीत भाकरी फिरतच राहिली. "माहीत हाये मले," ती म्हणाली. "तोंड म्याच फोडलं होतं तुह्यं. त्या तोंडातून काय बाहेर पडलं, ते नाही समजत का मले?"

"नेनितानं सगळं स्वतःवर घेतलं," मी म्हणाले, आणि मला रडू यायला लागलं. "माझ्यामुळे."

"तिनं काही घेतलं नाही." आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तिले तं इचारलंबी नाही कोणी. मेट्रननं मले कागद देल्ला, याच्यावर सही कर म्हणे. बेत नेनिताचा, ड्रायव्हर नेनितानं फितवला, मले काही माहीत नव्हतं, असं लिहेल होतं. मी वाचलं. दोनदा वाचलं. आन सही केली."

तव्यावर भाकरीच्या कडा सुटत होत्या.

"मंग तिच्याच खोलीत जाऊन तिचे खोके भरले," आई म्हणाली. "अजूनबी पत्र येते तिचं. सिस्टर, तुमच्यावर काही आलं नाही ना, लिहिते." तिनं भाकरी उलटली. आत बाबांचं घोरणं थोडं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज आला आणि पुन्हा सुरू झालं. आईनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, पूर्वीचा, नाइट ड्यूटीच्या घरातला.

"बापाले सांगू नोको," ती म्हणाली. "त्याले झोप लागते. लागू दे."